सामाजिक शास्त्रांचे जिज्ञासाधारित अध्यापन आणि शिक्षकांचा व्यावसायिक विकास : होशंगाबाद प्रयोगाचा ऐतिहासिक अभ्यास (१९७२ ते २००२)

प्रस्तावना :

इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र हे पाठांतराचे विषय आहेत, असा समज भारतीय शालेय शिक्षणात दीर्घकाळ रूढ आहे. या समजाचा दोष सामान्यतः पाठ्यपुस्तकाला दिला जातो. परंतु पुस्तक बदलले तरी वर्गातील अध्यापन आपोआप बदलत नाही. विद्यार्थ्याला प्रश्न विचारू देणारा शिक्षक घडवावा लागतो आणि त्यासाठी सातत्यपूर्ण व्यवस्थेची आवश्यकता असते. अशी व्यवस्था शासकीय शाळांत उभारण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न मध्य प्रदेशातील होशंगाबाद परिसरात झाला. प्रस्तुत शोधनिबंधात या प्रयत्नाचा, विशेषतः त्यातील शिक्षक प्रशिक्षणाचा, ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

पार्श्वभूमी :

सेवांतर्गत प्रशिक्षणाचा विचार भारतात नवा नाही. डॉ. दौलतसिंह कोठारी यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगाने (१९६४-६६) प्रत्येक शिक्षकाला दर ५ वर्षांत २ ते ३ महिन्यांचे सेवांतर्गत प्रशिक्षण मिळावे, अशी शिफारस केली होती. परिसरातील शाळांनी एकत्र येऊन शैक्षणिक प्रश्नांवर विचार करावा, ही शाळासमूहाची कल्पनाही याच आयोगाने मांडली. मराठी शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे या आयोगाचे सदस्य-सचिव होते. शिफारशी दूरदृष्टीच्या होत्या. मात्र प्रशिक्षणात नेमके काय घडावे, हा प्रश्न प्रत्यक्ष कार्यातूनच सुटणार होता.

विज्ञानापासून सामाजिक शास्त्रांपर्यंत :

१९७२ मध्ये 'किशोर भारती' आणि 'फ्रेंड्स रूरल सेंटर' या स्वयंसेवी संस्थांनी होशंगाबाद जिल्ह्यातील १६ शाळांमध्ये विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञ आणि दिल्ली विद्यापीठातील प्राध्यापक त्यात सहभागी झाले. १९७८ मध्ये हा कार्यक्रम जिल्ह्यातील सहावी ते आठवीच्या सर्व शासकीय शाळांत लागू झाला. १९८२ मध्ये 'एकलव्य' ही संस्था स्थापन झाली आणि तिने १९८६ च्या सुमारास ९ शासकीय शाळांमध्ये सामाजिक शास्त्रांचा कार्यक्रम हाती घेतला.

विज्ञानात विद्यार्थी प्रयोग करून उत्तराची पडताळणी करू शकतो. सामाजिक शास्त्रांत तसा प्रयोग शक्य नसतो. येथे नकाशा, चित्र, वृत्तांत, दोन काळांची वा दोन प्रदेशांची तुलना आणि विद्यार्थ्याचा स्वतःचा परिसर हीच पुराव्याची साधने ठरतात. म्हणून एकलव्यच्या पुस्तकांत राजघराण्यांच्या याद्या व सनावळी कमी करून मोजक्या विषयांची सखोल मांडणी केली गेली. पाठाच्या मध्येच प्रश्न घालण्यात आले. पाठांचे मसुदे आधी वर्गात वापरून पाहिले जात आणि त्या अनुभवावरून पुन्हा लिहिले जात. परीक्षेत पुस्तक उघडून उत्तर लिहिण्याची मुभा होती. त्यामुळे प्रश्नही स्मरणशक्तीऐवजी आकलनाची कसोटी घेणारे काढावे लागत.

शिक्षक : प्रशिक्षणार्थी की सहसंशोधक?

होशंगाबादच्या कार्यपद्धतीचा गाभा प्रशिक्षणात होता. उन्हाळी सुट्टीतील निवासी शिबिरात शिक्षक स्वतः विद्यार्थ्यांच्या भूमिकेतून तेच पाठ व कृती करीत. वर्षभर संगम केंद्रांवर मासिक बैठका होत आणि शाळांना पाठपुराव्याच्या भेटी दिल्या जात. अनुभवी शिक्षकांमधूनच स्रोत शिक्षक तयार होत. शिक्षकाने स्वतः कधी शंका विचारलेली नसेल, तर तो विद्यार्थ्याच्या शंकेचे स्वागत करू शकत नाही, हे साधे तत्त्व या रचनेमागे दिसते.

सामाजिक शास्त्रांत ही अडचण अधिक बिकट होती. शेतमजुरी, सावकारी, जातिव्यवस्था किंवा ग्रामपंचायतीचा प्रत्यक्ष कारभार यांवरील प्रश्न वर्गाच्या भिंतीत राहत नाहीत. शिक्षक त्याच समाजाचा घटक असतो आणि त्याचे स्वतःचे हितसंबंध व पूर्वग्रह असतात. तेव्हा येथे व्यावसायिक विकास म्हणजे केवळ नवे तंत्र शिकणे नव्हे, तर स्वतःची मते पुराव्यावर तपासण्याची सवय लावून घेणे होय. अशी सवय एका शिबिरात लागत नाही. त्यासाठी समव्यावसायिकांचा दीर्घ सहवास लागतो.

कार्यक्रमाचा शेवट आणि वारसा :

विज्ञान कार्यक्रम पुढे १५ जिल्ह्यांतील सुमारे १००० शाळांपर्यंत पोहोचला. सामाजिक शास्त्रांचा कार्यक्रम मात्र प्रायोगिक पातळीवरच मर्यादित राहिला. २००२ मध्ये मध्य प्रदेश शासनाने हे कार्यक्रम बंद केले. राज्यभर एकच अभ्यासक्रम असावा, ही भूमिका त्यामागे होती.

तथापि विचार संपला नाही. राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने ज्ञानरचनावादी भूमिका स्वीकारली. त्यानंतर २००६ पासून राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने सहावी ते आठवीसाठी काढलेल्या पुस्तकांत नागरिकशास्त्राच्या जागी 'सामाजिक व राजकीय जीवन' हा विषय आला. त्याच्या मांडणीवर एकलव्यच्या अनुभवाची छाप स्पष्ट दिसते. मराठीत 'शैक्षणिक संदर्भ' या नियतकालिकाने एकलव्यच्या हिंदी 'संदर्भ'पासून प्रेरणा घेतली.

येथे एक विसंगती लक्षात घ्यावी लागते. पुस्तकाची शैली राष्ट्रीय पातळीवर पोहोचली. परंतु मासिक बैठका, शाळाभेटी आणि स्रोत शिक्षकांची फळी तिच्यासोबत गेली नाही. पुस्तक छापून देशभर पाठविता येते, शिक्षकांमधील परस्परविश्वास तसा पाठविता येत नाही. परिणामी मोकळे प्रश्न असलेल्या पाठांचीही तयार उत्तरे लिहून देण्याची प्रथा अनेक वर्गांत टिकून राहिली.

निष्कर्ष :

१. जिज्ञासाधारित अध्यापनात पुस्तक, परीक्षा आणि शिक्षक प्रशिक्षण हे तिन्ही घटक एकाच वेळी बदलावे लागतात. एक घटक जुना राहिल्यास तो उरलेल्या दोघांना मागे खेचतो.

२. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तासांचा व्यावसायिक विकास साधणे अपेक्षित आहे. हे तास केवळ व्याख्याने ऐकण्यात गेले तर संख्या पूर्ण होईल, हेतू मात्र अपुरा राहील. वर्गातील अडचण मांडणे, तिच्यावर चर्चा करणे आणि पुन्हा वर्गात जाऊन पडताळणे हे चक्र त्यात असावे.

३. होशंगाबादमध्ये विद्यापीठीय प्राध्यापक ग्रामीण शाळांच्या शिक्षकांसोबत बसले. महाराष्ट्रातील महाविद्यालयांच्या इतिहास, भूगोल व राज्यशास्त्र विभागांनी परिसरातील शाळांशी असे नियमित नाते जोडल्यास स्थानिक कागदपत्रे, शिलालेख, नकाशे व मौखिक साधने शालेय वर्गापर्यंत पोहोचू शकतील. पदवी वर्गात येणारा विद्यार्थी प्रश्न विचारत नाही, ही प्राध्यापकवर्गाची तक्रार सर्वपरिचित आहे. तिचे निराकरण शाळेच्या वर्गातच सुरू होते आणि त्या वर्गातील शिक्षकाला सोबत करण्याची जबाबदारी उच्च शिक्षणालाही टाळता येणार नाही.