जोडून घेतलेली सायकल

मंडळी, आमच्या लहानपणी पुण्यात सायकलीबद्दल दोन वेगळे शब्दप्रयोग होते. एक, ‘सायकल घेतली’. दुसरा, ‘सायकल जोडून घेतली’. पहिला प्रयोग करणारा बँकेतला किंवा कॉलेजातला असायचा. दुसरा करणारा बहुधा कारखान्यात जाणारा. आज आम्ही दुसऱ्याबद्दल बोलणार आहोत, कारण इतिहासात पहिल्याची नोंद मिळते, दुसऱ्याची फारशी मिळत नाही.

आधी थोडी मागची गोष्ट. दोन्ही चाके सारख्या मापाची आणि मागच्या चाकाला साखळी, ही आज आपण ओळखतो ती सायकल १८८५ च्या सुमारास इंग्लंडात कॉव्हेंट्रीला जॉन केम्प स्टार्लीने बाजारात आणली. १८८८ साली डनलॉपने हवेच्या टायरचे पेटंट घेतले. आणि गंमत बघा, त्याच १८८८ साली बेळगावात किर्लोस्कर बंधूंचे सायकलीचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणराव तेव्हा मुंबईला शिकवत होते. तिथून सायकली पाठवायच्या आणि बेळगावात रामूअण्णांनी विकायच्या. म्हणजे मराठी माणसाच्या यंत्रोद्योगाची सुरुवात लोखंडी नांगरापासून नाही, सायकलीपासून आहे. नांगर नंतर आला, किर्लोस्करवाडी तर १९१० ची. पण त्या दुकानातली सायकल साहेबाची, वकिलाची, फार तर मामलेदाराची. मजुराने ती बघायची.

मग ती मजुरापर्यंत पोचली कशी? पुस्तकांत उत्तर मिळते ते कारखान्यांचे. मुंबईत वरळीला हिंद सायकल, १९४९ साली मद्रासला टी. आय., बंगालात आसनसोलला सेन-रॅले, १९५१ साली सोनीपतला अ‍ॅटलास, १९५६ साली लुधियानाला हीरो. हे खरेच आहे. परदेशी मालावर जकात होती, देशी मालाला संरक्षण होते, सायकल हळूहळू स्वस्त झाली. पण आमच्या मते हे अर्धेच उत्तर आहे. महिन्याच्या पगारातून घरभाडे, किराणा आणि गावाकडची मनिऑर्डर गेल्यावर जे उरायचे त्यात देशी सायकलसुद्धा बसत नव्हती. सरकारी नोकराला सायकलसाठी अग्रिम मिळायचा, तो पगारातून कापून जायचा. बाकीच्यांनी काय करायचे?

त्यांनी जोडून घ्यायची.

हे शक्य झाले त्याचे कारण मोठे मजेशीर आहे. इंग्रजांची जी काळी, जड, अठ्ठावीस इंची चाकांची सायकल होती, तिचाच साचा आपल्याकडच्या सगळ्या कंपन्यांनी धरून ठेवला. दांडीचे ब्रेक, दीड इंची टायर, बावीस किंवा चोवीस इंची फ्रेम. नवे काही केले नाही म्हणून आपण त्यांना नावे ठेवतो. पण साचा तोच राहिल्यामुळे एका कंपनीचे चाक दुसऱ्या कंपनीच्या फ्रेमला बहुतेक वेळा बसायचे. लुधियानाच्या छोट्या छोट्या कारखान्यांतून सुटे भाग निघत. हीरोवाल्या मुंजाल बंधूंचा धंदासुद्धा आधी सुट्या भागांचाच. हे भाग देशभर गल्लीबोळांतल्या दुकानांत पोचले, आणि मोडीत निघालेल्या सायकलींचे भाग पुण्यात जुन्या बाजारात यायला लागले. रविवारी आणि बुधवारी.

आमचे वडील एका कारखान्यात फिटर होते. घरापासून खडकीच्या बाजूला सहा-सात किलोमीटर. सकाळचा भोंगा झाला की पाच मिनिटांत फाटक बंद, आणि फाटक बंद म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार गेला. बस वेळेवर आली तर ठीक. पावसाळ्यात ती येत नसे. एका महिन्यात तीन अर्धे दिवस कापले गेले, तेव्हा आईने कानातली कुडी काढून दिली. हे आम्हाला पुष्कळ नंतर कळले. त्या दिवसापासून त्या घरात सायकल हा विषय निघाला.

फ्रेम जुन्या बाजारातून आली. मिस्त्रीने ती आधी उलटी केली, एका डोळ्याने नळ्या निरखल्या, सांध्यांवर नख फिरवले. रंगाखाली तडा असेल तर नखाला लागतो. ‘बाकी सगळं बदलता येईल भाऊ, फ्रेम वाकडी असली तर जन्मभर वाकडीच चालणार,’ असे तो म्हणाल्याचे वडील सांगत. मग चाके. रिम जुन्या, पण आरे सगळे नवे. मिस्त्रीने आऊट काढायला अर्धा दिवस घेतला. टायर आणि ट्यूब मात्र नव्याच घ्यायच्या, तिथे काटकसर नाही, कारण पंक्चर म्हणजे परत तेच बंद फाटक. ब्रेकचे रबर नवे. छर्रे नवे, ते इतके स्वस्त की जुने ठेवण्यात अर्थ नाही. मागच्या चाकाला पाव इंची, पुढच्याला त्याहून बारीक. सीट जुनीच, वर शिवलेले कव्हर.

आणि एक शहाणपणाची गोष्ट वडिलांनी केली. समजा पुढच्या चक्राला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटरच्या आसपास जाते. मागे २० दात्यांचे बसवले की ते अंतर पाच मीटरच्या आत येते. वेग थोडा कमी, पण चढाला आणि समोरच्या वाऱ्याला पाय भरून येत नाहीत. कामावरून परतताना अंगात त्राण नसते, हिशेब त्या वेळचा करायचा, सकाळचा नाही. आम्ही पुढे तत्त्वज्ञानात डॉक्टरेट केली, पण इतका व्यवहारी विचार आमच्या प्रबंधात कुठे नाही.

मडगार्ड, चेनकव्हर, कॅरिअर, स्टँड, घंटी हे सगळे त्या साच्यात गृहीतच होते. ते सजावटीसाठी नव्हते. पायजम्याला साखळीचे तेल लागू नये, चिखल पाठीवर उडू नये, डबा आणि येताना पाच किलो ज्वारी मागे बांधता यावी. डायनामोचा दिवा मात्र परवडला नाही. रॉकेलची चिमणी लावायची, आणि हवालदाराने अडवले की ‘आत्ताच विझली साहेब’. ते ऐकून ऐकून पुण्याच्या हवालदारांचे कान किटले असतील. वर्षाचा कर भरून बिल्लाही घ्यावा लागे.

बिल्ल्यावरून आठवले. मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला विचारतो की तू रथातून आलास, तर रथ म्हणजे नेमके काय? आस? चाके? जू? राजा म्हणतो, यांपैकी एकही नाही. आम्ही हे वर्गात शिकवताना रथ सोडून द्यायचो आणि वडिलांची सायकल घ्यायचो. रॅलेची फ्रेम, हिंदची चाके, लुधियानाचे पायडल, नाव कुणाचेच नाही. मग सायकल ती कोणती? एका मुलाने उत्तर दिले होते, ‘सर, जिला बिल्ला आहे ती.’ त्याला आम्ही पूर्ण गुण दिले. असो.

तर त्या सायकलीवर वडील बावीस वर्षे कामावर गेले. पावसात दांडीचे ब्रेक ओल्या रिमवर लागत नाहीत. हा त्या साच्याचा खरा दोष, आणि त्यापायी ते दोनदा पडले. त्याबद्दल त्या जुन्या सायकलीचे गोडवे गाणारे बोलत नाहीत. पण पगार पुन्हा कापला गेला नाही. आणि घर बसच्या रस्त्यावरच हवे ही अट सुटली, त्यामुळे भाडे कमी असलेल्या वाड्यात आम्ही राहायला गेलो. शाळा जवळ आली. सायकलीचा इतिहास लिहिताना हे मोजायचे कशात, आम्हाला अजून नीट ठरवता आलेले नाही.

१९७२ साली लूना आली, त्याच सुमाराला चेतकही. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत कारखान्यांच्या सायकल-स्टँडवर स्कूटरी दिसू लागल्या. त्यात वाईट काही नाही, थकलेल्या माणसाला इंजिन मिळाले. पण हिंद सायकल आणि सेन-रॅले १९८० साली सरकारला ताब्यात घ्याव्या लागल्या, आणि दुकानात उरली ती मुलांची सायकल आणि हौसेची सायकल. आज तुम्ही दुकानात जा. एकवीस गिअर मिळतील, पण मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड वेगळा घ्या, घंटी वेगळी घ्या. म्हणजे कामावर जायला लागणारे सगळे काढून टाकले आणि किंमत वाढवली. आम्हाला तरुण मुले विचारतात, कमी पैशात ऑफिसला जायला कोणती घेऊ? आम्ही सांगतो, गिअर मोजू नका. आधी फ्रेम तुमच्या उंचीची आहे का बघा, मग उरलेले पैसे चांगल्या टायरवर, ब्रेकवर आणि मागच्या लाल दिव्यावर घाला. आणि घराजवळ मिस्त्री आहे का ते बघा. तो नसेल तर बाकी सगळे व्यर्थ.

आमच्या सोसायटीचा रात्रीचा वॉचमन रोज नऊ किलोमीटर सायकलने येतो. ती त्याने जोडूनच घेतली आहे. सोसायटीत दोनशे गाड्यांना जागा आखलेली आहे, सायकलीला नाही; ती तो जनरेटरच्या मागे लावतो. पुढच्या सभेत आम्ही हा विषय मांडणार आहोत, मागच्या दोन सभांत तो कार्यक्रमपत्रिकेवर आला नाही. वेळ झाली आहे. कुणाला प्रश्न असतील तर विचारा.