डोकेदुखीची गोळी आणि हृदयाचा रोगी

धार आणि देवास ही माळव्यातील पवारांची जुनी संस्थाने. अठराव्या शतकापासून तेथे मराठी घराणी नांदत आली आहेत. आज त्या घरांत रात्री-अपरात्री कोणाच्या छातीत कळ आली, दरदरून घाम फुटला, की सर्वांच्या तोंडी पहिले नाव येते ते इंदूरचे. देवासहून इंदूर सुमारे ३५ किलोमीटर, धारहून ६० हून अधिक. परंतु ती वाट धरण्यापूर्वी गावच्या रुग्णालयात डॉक्टर रोग्याला एक लहानशी गोळी चावून खावयास देतात. तिचे नाव ॲस्पिरिन. नातेवाइकांच्या मनात येते, ही तर डोकेदुखीची गोळी! एवढ्या मोठ्या दुखण्यावर हिचा काय उपयोग? या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर मिळण्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली. तीच हकीकत आज सांगावयाची आहे.

ज्या जातीच्या लाकडाच्या क्रिकेटच्या बॅटी होतात, तो विलो वृक्ष आपल्या ओढ्याकाठच्या वाळुंजाचा भाऊबंद. त्याच्या सालीचे चूर्ण हिवतापाच्या सुमारे पन्नास रोग्यांना गुणकारी ठरल्याचे एडवर्ड स्टोन या इंग्रज धर्मोपदेशकाने १७६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविले. त्या सालीतील द्रव्याशी नाते असलेले ॲस्पिरिन जर्मनीतील बायर कंपनीत १८९७ साली शुद्ध स्वरूपात तयार झाले, आणि १८९९ पासून ते ताप व अंगदुखी यांवर जगभर विकले जाऊ लागले.

पुढे कॅलिफोर्नियातील ग्लेंडेल गावी लॉरेन्स क्रेव्हन या साध्या डॉक्टरांना एक गोष्ट खटकली. टॉन्सिल काढलेल्या ज्या रोग्यांनी ॲस्पिरिनचा डिंक फार चघळला, त्यांचा रक्तस्राव लवकर थांबत नसे. त्यांनी तर्क केला की, रक्त गोठू न देणारे हे औषध हृदयविकाराचा झटकाही टाळील. १९५० साली त्यांनी ४०० पुरुषांवरील अनुभव प्रसिद्ध केला. तर्क योग्य होता, पण पुरावा अपुरा. औषध न घेतलेल्या रोग्यांशी तुलनाच केलेली नसल्यामुळे त्यांच्या म्हणण्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही.

रक्तातील सूक्ष्म बिंबिका, म्हणजे प्लेटलेट, गुठळी बांधण्यास आरंभ करतात, हे इटलीच्या बित्सोत्सेरो यांनी १८८२ सालीच दाखविले होते. जखमेत हीच गुठळी आपला प्राण वाचविते. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या रोहिणीत मात्र तीच प्राण घेते. १९७१ साली जॉन व्हेन यांनी ॲस्पिरिनच्या कार्याचे रहस्य उलगडले, आणि १९८२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बिंबिकांना एकमेकींस चिकटविणारे द्रव्यच हे औषध तयार होऊ देत नाही. बिंबिकेला केंद्रक नसल्यामुळे झालेली हानी ती भरून काढू शकत नाही. आठ-दहा दिवसांचे तिचे आयुष्य तसेच सरते. म्हणून थोडी मात्राही पुरते.

निर्णायक कसोटी लागली ती १९८८ साली. सोळा देशांतील ४१७ रुग्णालयांत, हृदयविकाराचा झटका आल्याचा संशय असलेल्या १७,१८७ रोग्यांची पाहणी झाली. निम्म्यांना महिनाभर ॲस्पिरिन दिले, निम्म्यांना तशीच दिसणारी औषधहीन गोळी. पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने दुसऱ्या गटात शंभरांपैकी सुमारे बारा दगावले, पहिल्या गटात सुमारे नऊ. काही पैशांच्या गोळीने हजारामागे चोवीस माणसे वाचली! पुढे क्लोपिडोग्रेलसारखी औषधे तिच्या जोडीला आली, तरी तिचे स्थान ढळले नाही.

तथापि तशाच कसोटीने दुसरी बाजूही उजेडात आणली. ऑस्ट्रेलिया व अमेरिका येथील १९,११४ निरोगी वृद्धांची पाहणी २०१८ साली प्रसिद्ध झाली. रोजच्या ॲस्पिरिनने त्यांचा हृदयविकार टळला नाही. गंभीर रक्तस्राव मात्र वाढला. जे औषध रोग्याला तारक, तेच निरोगी माणसाला मारक ठरू शकते.

म्हणून धार-देवासच्या, आणि आपल्याही घरांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. शेजाऱ्याचे पाहून ही गोळी रोज घेऊ नये, आणि डॉक्टरांनी सांगितलेली आपल्या मनाने बंद करू नये. छातीत कळ आली, तर इंदूरची गाडी जुळविण्यात वेळ न दवडता आधी जवळचे रुग्णालय गाठावे. गोळी द्यावयाची की नाही, हे तेथील डॉक्टर ठरवितील. इंदूर दूर असेल. पण उपचाराचा आरंभ आपल्या गावातच होऊ शकतो.