त्रिशरण आणि उपासकाचे धर्मांतर

बौद्ध होण्यासाठी काय करावे लागते, या प्रश्नाचे उत्तर 'बुद्ध, धम्म आणि संघ यांना शरण जावे' असे एका वाक्यात देता येते. परंतु शरण गेल्याने मागे काय सुटते, याचे उत्तर तितके सरळ नाही. भिक्षूच्या बाबतीत घर, कुटुंब आणि संपत्ती यांचा त्याग उघड दिसतो. गृहस्थाश्रमातच राहणाऱ्या उपासकाच्या बाबतीत मात्र हा प्रश्न दीर्घकाळ मोकळाच राहिला. बौद्ध धर्माच्या भारतातील इतिहासाच्या दृष्टीने या मोकळ्या जागेचे महत्त्व फार मोठे आहे.

विनयपिटकातील महावग्गात या विधीची घडण क्रमाने नोंदलेली आढळते. संबोधीनंतर तपुस्स आणि भल्लिक हे उक्कलहून आलेले दोन व्यापारी बुद्धाला व धम्माला शरण गेले. त्यावेळी संघ अस्तित्वात आलेला नव्हता, म्हणून ग्रंथ त्यांना 'द्वेवाचिक' उपासक म्हणतो. संघ स्थापन झाल्यावर वाराणसीच्या यशाचा श्रेष्ठी पिता हा पहिला 'तेवाचिक' उपासक ठरला. पुढे हेच तिहेरी वचन भिक्षूंच्या प्रव्रज्येसाठी व उपसंपदेसाठी वापरण्याची अनुज्ञा बुद्धाने दिली. राध नावाच्या ब्राह्मणाच्या प्रसंगी उपसंपदेसाठीची ही पद्धत रद्द होऊन तिच्या जागी संघासमोर एकदा प्रस्ताव आणि तीनदा घोषणा करण्याचे 'ञत्तिचतुत्थ' कर्म आले. त्रिशरणाने होणारी दीक्षा श्रामणेरापुरती उरली. भिक्षूच्या प्रवेशाला अशा रीतीने संघाची साक्ष, मान्यता आणि नियमांची चौकट लाभली. उपासकाचे शरणगमन मात्र त्याच्या स्वतःच्या उद्गारावरच अवलंबून राहिले. त्याची ना नोंद होत होती, ना त्यावर कोणाची देखरेख होती.

या उद्गाराने जुने संबंध तुटत होते काय? वैशालीचा सीह सेनापती हा निर्ग्रंथांचा अनुयायी. तो बुद्धाला शरण गेला तेव्हा, तुझे घर निर्ग्रंथांसाठी पाणवठ्यासारखे राहिले आहे, त्यांना भिक्षा देणे थांबवू नकोस, असे बुद्धाने त्याला सांगितल्याचे विनयात नमूद आहे. मज्झिमनिकायातील उपाली गृहपतीची कथाही याच वळणाची आहे. या उपदेशातील औदार्य निःसंशय मोठे आहे. पण त्यामुळे उपासकत्वाची सीमारेषा पुसट राहिली, हेही तितकेच खरे.

पाचव्या शतकात बुद्धघोषाने सुमंगलविलासिनीत ही रेषा आखण्याचा प्रयत्न केला. आत्मसमर्पण, तत्परायणता, शिष्यभाव आणि प्रणिपात असे लौकिक शरणगमनाचे चार प्रकार त्याने सांगितले. अन्य शास्त्याला आत्मसमर्पण केल्यास शरण भंग पावते. परंतु नातेवाईक म्हणून, भयापोटी किंवा विद्या शिकवणारा म्हणून कोणापुढे मस्तक नमवल्यास ते भंगत नाही. व्यवहाराची इतकी बारीक जाण ठेवणारी ही चर्चा असली, तरी भंग झाला की नाही हे ठरवणारी यंत्रणा गृहस्थांसाठी नव्हतीच.

महाराष्ट्रातील लेण्यांचे शिलालेख हीच परिस्थिती दाखवतात. अनेक दात्यांनी स्वतःला 'उपासक', 'उपासिका' म्हणवून घेतले आहे. त्याचवेळी नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात भदायनीय भिक्षूंना लेणे दान देणारी गौतमी बलश्री आपल्या पुत्राचा गौरव 'एकबम्हण' असा करते. राजघराण्याच्या दानावरून त्याची श्रद्धा ठरवता येत नाही, हे मान्य. तरीही संघाला आश्रय आणि ब्राह्मणी आदर्शाचा अभिमान एकाच लेखात नांदत होते, हे दुर्लक्षिता येणार नाही.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात नेमके याच उणिवेवर बोट ठेवले. संघदीक्षेचा विधी होता, पण गृहस्थासाठी स्वतंत्र धम्मदीक्षा नव्हती. त्यामुळे सामान्य जन एकाच वेळी अनेक धर्म पाळत राहिले आणि ऱ्हासाच्या कारणांपैकी हे एक ठरले, अशी त्यांची मीमांसा आहे. ऱ्हासाची इतर कारणे लक्षात घेता तिला किती वजन द्यावे, यावर मतभेद संभवतो. मात्र १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात जे घडले ते या मीमांसेशिवाय उलगडत नाही. बाबासाहेबांनी कुशीनगरच्या चंद्रमणी महास्थविरांकडून त्रिशरण-पंचशील ग्रहण केले. त्यानंतर एका उपासकाने, भिक्षूने नव्हे, लाखोंच्या समुदायाला दीक्षा दिली आणि तिला बावीस प्रतिज्ञांची जोड दिली. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव न मानणे, बुद्धाला विष्णूचा अवतार न मानणे, श्राद्ध व पिंडदान न करणे, ब्राह्मणाहाती क्रियाकर्म न करविणे. सीहाला जे सोडावे लागले नव्हते ते येथे शब्दशः सोडायचे होते. त्रिशरणाचे शब्द तेच राहिले, त्यांचा निषेधात्मक अर्थ प्रतिज्ञांनी पुरवला. जातिव्यवस्थेतून बाहेर पडू पाहणाऱ्या समाजाला पुसट सीमारेषा परवडणारी नव्हती.

तिची किंमतही मोजावी लागली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता मर्यादित होता. १९५६ मध्ये त्यात शिखांचा समावेश झाला, बौद्धांचा नाही. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत राखीव जागेवर विजयी झालेले मेश्राम हे बौद्ध झाले आहेत, या आक्षेपाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये दिला. धर्म 'मानणे' म्हणजे तो जाहीरपणे प्रकट करणे; असे प्रकटन झाल्यावर धर्मांतराचा विधी परिपूर्ण होता की नाही हे तपासण्याचे कारण उरत नाही, अशी न्यायालयाची भूमिका होती. निवडणूक रद्द झाली. उपासकाचा उद्गारच निर्णायक, हे महावग्गातील तत्त्व येथे वेगळ्याच कारणाने आणि उपासकाच्याच विरोधात लागू झाले. बौद्धांना अनुसूचित जातीच्या यादीत स्थान मिळण्यासाठी १९९० ची दुरुस्ती यावी लागली; नागपूरच्या दीक्षेला तोवर चौतीस वर्षे होत आली होती.