न्यायाधीशाविरुद्धचा दावा का टिकला नाही? : 'स्टंप विरुद्ध स्पार्कमन' खटल्याचा परिचय

नागरी हक्कांवर घाला घातल्याबद्दल सार्वजनिक अधिकाऱ्यांवर लावलेला दावा न्यायालयाने 'काढून टाकला' अशी बातमी अधूनमधून वाचनात येते. दावा निघाला म्हणजे आरोप खोटे ठरले, असा समज त्यातून सहज होतो. प्रत्यक्षात अनेक वेळा न्यायालयाने आरोपांची शहानिशा केलेलीच नसते. 'वादीचे म्हणणे अक्षरशः खरे मानले, तरी कायद्याने या प्रतिवादीकडून भरपाई मागता येते काय?' एवढाच प्रश्न त्या टप्प्यावर विचारला जातो. उत्तर नकारार्थी आले की साक्षीपुरावा सुरू होण्यापूर्वीच दावा संपतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च १९७८ रोजी निकाली काढलेला 'स्टंप विरुद्ध स्पार्कमन' हा खटला या प्रकारचे सर्वाधिक चर्चिलेले उदाहरण होय.

घटनाक्रम

इंडियाना राज्यातील डिकाल्ब परगण्याच्या सर्किट न्यायालयात हॅरोल्ड स्टंप हे न्यायाधीश होते. जुलै १९७१ मध्ये एका महिलेने वकिलामार्फत त्यांच्यापुढे अर्ज ठेवला. आपली पंधरा वर्षांची मुलगी 'काहीशी मंदबुद्धी' आहे, ती वयाने मोठ्या मुलांबरोबर हिंडते, काही वेळा रात्री घराबाहेर राहते, म्हणून पुढील अनर्थ टाळण्यासाठी तिची नसबंदी करण्यास परवानगी मिळावी, अशी मागणी त्या अर्जात होती. मुलगी सार्वजनिक शाळेत जात होती आणि दरवर्षी आपल्या वर्गाबरोबर वरच्या वर्गात चढत होती, हेही त्याच अर्जात नमूद होते.

न्यायाधीशांनी अर्जावर त्याच दिवशी मंजुरीची सही केली. मुलीला नोटीस गेली नाही. तिची बाजू मांडण्यासाठी दाव्यापुरता पालक नेमला गेला नाही. सुनावणी झाली नाही. वैद्यकीय अहवाल मागवला गेला नाही. अर्जाला क्रमांक मिळाला नाही आणि तो न्यायालयाच्या दप्तरातही दाखल झाला नाही. काही दिवसांतच स्थानिक रुग्णालयात शस्त्रक्रिया पार पडली. मुलीला सांगण्यात आले की तिचे अपेंडिक्स काढायचे आहे.

दोन वर्षांनी तिचा विवाह झाला. मूल होईना, तेव्हा तपासणीतून खरा प्रकार उघडकीस आला. १९७५ मध्ये तिने आणि तिच्या पतीने संघराज्याच्या जिल्हा न्यायालयात दावा दाखल केला. प्रतिवादींमध्ये न्यायाधीश होते, तसेच तिची आई, आईचे वकील, शस्त्रक्रियेशी संबंधित डॉक्टर आणि रुग्णालयही होते.

दाव्याचा आधार : १८७१ चा कायदा

अमेरिकेतील यादवी युद्धानंतर दक्षिणेकडील राज्यांत मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांवर कू क्लक्स क्लॅनचे अत्याचार सुरू झाले. स्थानिक अधिकारी एकतर डोळेझाक करीत किंवा त्यात सामील असत. त्याला आळा घालण्यासाठी अमेरिकी संसदेने एप्रिल १८७१ मध्ये कायदा केला. राज्याच्या अधिकाराचा वापर करून जो कोणी नागरिकाचा घटनादत्त हक्क हिरावून घेईल, तो त्या नागरिकास भरपाई देण्यास जबाबदार राहील, असे त्यातील एक कलम सांगते. आज ते 'कलम १९८३' या नावाने ओळखले जाते. दीर्घकाळ हे कलम फारसे वापरात नव्हते. १९६१ च्या 'मन्रो विरुद्ध पेप' निकालाने त्यात नव्याने प्राण ओतला आणि पोलीस, तुरुंग अधिकारी, शाळामंडळे यांच्याविरुद्ध दाव्यांचा मार्ग मोकळा झाला.

कलमाचे शब्द व्यापक आहेत. त्यात न्यायाधीशांना वगळलेले नाही. तथापि १९६७ च्या 'पिअर्सन विरुद्ध रे' निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, न्यायाधीशाला न्यायदानाच्या कृत्याबद्दल भरपाईच्या दाव्यापासून मिळणारे संरक्षण इंग्लिश परंपरेतून आलेले आणि खोल रुजलेले आहे. ते रद्द करावयाचे असते तर संसदेने तसे स्पष्ट म्हटले असते.

या संरक्षणाची चौकट त्याआधीच १८७२ मध्ये 'ब्रॅडली विरुद्ध फिशर' खटल्यात आखली गेली होती. अध्यक्ष लिंकन यांच्या हत्येशी निगडित एका खटल्यातील बचावाच्या वकिलाचे नाव न्यायाधीशाने वकिलांच्या यादीतून काढून टाकले, म्हणून वकिलाने त्याच्यावर दावा केला होता. सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा दोन गोष्टींत भेद केला. अधिकारक्षेत्राची मर्यादा ओलांडणे ही एक गोष्ट आणि अधिकारक्षेत्र मुळातच नसणे ही दुसरी. मृत्युपत्रांपुरता अधिकार असलेल्या न्यायाधीशाने फौजदारी खटला चालवला, तर त्याला संरक्षण नाही. फौजदारी न्यायाधीशाने कायद्यात नसलेल्या गुन्ह्यासाठी शिक्षा ठोठावली, तर ती चूक खरी, पण संरक्षण कायम राहते.

तीन न्यायालये, तीन पायऱ्या

जिल्हा न्यायालयाने दावा काढून टाकला. कलम १९८३ लागू होण्यासाठी राज्यसत्तेचा हात असावा लागतो. या प्रकरणात तो फक्त न्यायाधीशांच्या मंजुरीत होता आणि न्यायाधीशांना तर पूर्ण संरक्षण आहे. त्यामुळे इतर प्रतिवादींविरुद्धही काही उरत नाही, असे त्या न्यायालयाचे मत पडले.

सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयाने १९७७ मध्ये हा निर्णय फिरवला. सुनावणी नाही, नोटीस नाही, कायद्याचा आधार नाही. अशा आदेशाला न्यायदान म्हणता येत नाही आणि न्यायाधीशांना तो देण्याचा अधिकारच नव्हता, असे त्याने ठरवले.

सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध तीन मतांनी अपील न्यायालयाचा निकाल रद्द केला. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी निर्णयात भाग घेतला नव्हता. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी लिहिला. इंडियानाच्या कायद्याने सर्किट न्यायालयाला सर्वसाधारण अधिकारक्षेत्र दिले होते. संस्थांमध्ये ठेवलेल्या व्यक्तींच्या नसबंदीसाठी त्या काळी वेगळे कायदे होते व त्यांत नोटीस, सुनावणी आणि अपील यांची तरतूद होती. परंतु पालकाचा असा अर्ज सर्किट न्यायाधीशाने विचारात घेऊ नये, असे कोठेही म्हटलेले नव्हते. अधिकारक्षेत्राचा 'स्पष्ट अभाव' नसल्यामुळे चूक कितीही गंभीर असली तरी संरक्षण लागू होते, असा निष्कर्ष निघाला. कृत्य न्यायिक आहे की नाही हे ठरवण्यासाठी दोन कसोट्या दिल्या गेल्या. एक, ते कृत्य सामान्यतः न्यायाधीश करतो काय. दोन, संबंधित लोक त्याच्याकडे न्यायाधीश म्हणून गेले होते काय. अल्पवयीनांच्या बाबतीतील अर्ज मंजूर करणे हे न्यायाधीशांचे नेहमीचे काम असल्यामुळे दोन्ही कसोट्या पूर्ण होतात, असे बहुमताने मानले.

न्यायमूर्ती पॉटर स्टुअर्ट यांचे भिन्नमत धारदार होते. न्यायमूर्ती मार्शल आणि पॉवेल यांनी त्यास पाठिंबा दिला. जिथे वाद नाही, दुसरा पक्ष नाही, अपिलाची वाट नाही, तिथे न्यायिक कृत्य आहेच कुठे, असा त्यांचा सवाल होता. आपण न्यायाधीश म्हणून वागत आहोत, एवढे म्हटल्याने कोणी न्यायाधीश बेबंद हानी करण्यास मोकळा होत नाही, असे त्यांनी बजावले. पॉवेल यांनी स्वतंत्रपणे आणखी एक मुद्दा मांडला. चुकीच्या निकालावर अपिलाचा उपाय असतो, या गृहीतकावर न्यायाधीशांचे संरक्षण उभे आहे. येथे न्यायाधीशांच्या वागण्यानेच तो उपाय नष्ट झाला होता. ज्या मुलीला आदेशाची खबरच नव्हती, ती अपील कशी करणार?

'इतर' प्रतिवादींचे काय झाले?

न्यायाधीश सुटले, तरी अर्ज करणारे व शस्त्रक्रिया करणारे तरी जबाबदार ठरावेत, अशी वाचकाची सहज अपेक्षा असते. प्रकरण खालच्या न्यायालयाकडे परत गेल्यावर १९७९ मध्ये सातव्या सर्किटने खासगी प्रतिवादींविरुद्धचा दावा काढून टाकण्याचा निर्णय कायम केला. राज्यसत्तेशी त्यांचे संगनमत कलमाखाली येईल इतक्या स्पष्टपणे मांडलेले नाही, हा त्यातील कळीचा मुद्दा होता.

या मुलीच्या कामी न आलेली स्पष्टता पुढच्याच वर्षी आली. 'डेनिस विरुद्ध स्पार्क्स' या १९८० च्या खटल्यात, न्यायाधीशाला लाच देऊन मनाई हुकूम मिळवल्याचा आरोप असलेल्या खासगी व्यक्तींनी न्यायाधीशाच्या संरक्षणाआड दडण्याचा प्रयत्न केला. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की, ते कवच न्यायाधीशाचे आहे, त्याच्याशी संगनमत करणाऱ्याचे नाही.

पार्श्वभूमी आणि पुढचा प्रवास

हा आदेश इंडियानात दिला गेला, यालाही इतिहास आहे. 'अयोग्य' ठरवलेल्या व्यक्तींच्या सक्तीच्या नसबंदीचा कायदा करणारे इंडियाना हे पहिले राज्य, वर्ष १९०७. तो कायदा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२१ मध्ये रद्द केला, १९२७ मध्ये नवा आला आणि १९७४ मध्ये तोही मोडीत निघाला. १९२७ च्याच 'बक विरुद्ध बेल' निकालाने अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने अशा कायद्यांना मान्यता दिली होती.

संरक्षणाची हद्द पुढे काही प्रमाणात आखली गेली. १९८८ च्या 'फॉरेस्टर विरुद्ध व्हाइट' निकालानुसार कर्मचाऱ्याला कामावरून कमी करणे हे प्रशासकीय कृत्य ठरले; त्याला हे कवच नाही. फौजदारी जबाबदारीही शिल्लक राहते. पेनसिल्व्हेनियात अल्पवयीन मुलांना खासगी बालसुधारगृहांत धाडण्याच्या प्रकरणात पैसे घेतल्याबद्दल न्यायाधीश मार्क सियाव्हरेला यांना २०११ मध्ये २८ वर्षांची कैद झाली, मात्र न्यायासनावरून दिलेल्या आदेशांबद्दलच्या भरपाईच्या दाव्यांत त्यांना 'स्टंप'मधील तत्त्वाचाच लाभ मिळाला.

आपल्याकडील कायदा

भारतात न्यायाधीशांना संरक्षण देणारा मूळ कायदा १८५० चा आहे. त्यानुसार न्यायिक काम करताना केलेल्या कृत्याबद्दल न्यायाधीश वा दंडाधिकाऱ्यावर दिवाणी दावा चालत नाही. अधिकारक्षेत्र ओलांडले असले तरीही. पण एक अट आहे: आपल्याला अधिकारक्षेत्र आहे असे त्याने सद्भावनेने मानलेले असले पाहिजे. अमेरिकी नियमात द्वेषबुद्धीचा आरोपही संरक्षण भेदू शकत नाही, हा दोहोंतील लक्षणीय फरक. १९८५ च्या न्यायाधीश संरक्षण कायद्याने हे कवच अधिक विस्तृत केले.

भरपाईचा भारतीय मार्ग मात्र निराळा घडला. १९८३ मध्ये 'रुदल शाह विरुद्ध बिहार राज्य' प्रकरणात, निर्दोष ठरूनही १४ वर्षे तुरुंगात राहिलेल्या माणसाला सर्वोच्च न्यायालयाने राज्याकडून भरपाई देवविली. १९९३ च्या 'निलाबती बेहेरा' निकालाने हे तत्त्व दृढ केले. येथे भरपाई अधिकाऱ्याकडून नव्हे, राज्याकडून मागितली जाते. त्यामुळे वैयक्तिक संरक्षणाचा अडसर आड येत नाही.

मतिमंद म्हणून गणल्या गेलेल्या मुलींच्या शरीराविषयी त्यांना न विचारता निर्णय होणे, हे महाराष्ट्रालाही अपरिचित नाही. १९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय गृहातील महिलांवर पुण्याच्या ससून रुग्णालयात गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. महिला संघटनांनी आवाज उठवल्यावर त्या थांबल्या. २००९ मध्ये 'सुचिता श्रीवास्तव विरुद्ध चंडीगढ प्रशासन' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सौम्य बौद्धिक अक्षमता असलेल्या स्त्रीची संमती वगळून तिच्या गर्भाबाबत निर्णय घेता येत नाही, असे स्पष्ट केले.

न्यायाधीशाने निकालागणिक स्वतःवरील दाव्याची धास्ती बाळगावी, असे कोणीही म्हणणार नाही. त्या धास्तीने निर्भय न्यायदान अशक्य होईल. परंतु या संरक्षणाची किंमत कोणीतरी मोजत असते. 'स्टंप' खटल्यात ती अशा मुलीने मोजली, जिचे म्हणणे आदेश देण्यापूर्वी ऐकले गेले नाही आणि नंतरही कोणत्याच न्यायालयाने साक्षीपुराव्यासह तपासले नाही. म्हणूनच दावा 'काढून टाकला' ही बातमी वाचताना, तो कोणत्या कारणाने काढला, हे पाहणे अगत्याचे ठरते.