रात्रपाळीतला क्वार्टरबॅक

पुणे मराठाज नावाचा अमेरिकन फुटबॉलचा संघ होता, माहितीये? २०११ साली जाहीर झालेल्या एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडियामधला. त्या लीगमध्ये पैसे घालणाऱ्यांत एक होता कर्ट वॉर्नर. आजची गोष्ट त्याची.

वॉर्नर क्वार्टरबॅक. म्हणजे समोरचे अंगावर धावून येत असताना, दोन-तीन सेकंदांत बॉल कोणाकडे फेकायचा हे ठरवणारा. १९९४ मध्ये ग्रीन बे पॅकर्सने त्याला सराव शिबिरातूनच घरी पाठवलं. मग काय? आयोवातल्या सुपरमार्केटमध्ये रात्रपाळी. रॅकवर माल लावायचा, तासाला साडेपाच डॉलर.

१९९५ पासून तो अरीना फुटबॉल खेळला. बंदिस्त हॉल, मैदान निम्म्या लांबीचं. जागाच कमी, त्यामुळे झटपट फेकायची सवय लागली.

१९९९ च्या मोसमाआधी सेंट लुई रॅम्सचा मुख्य क्वार्टरबॅक ट्रेंट ग्रीन जखमी झाला. राखीव वॉर्नर मैदानात आला, वय २८. त्या मोसमात ४१ टचडाउन पास, आणि ३० जानेवारी २००० ला सुपर बोल खिशात! २०१७ मध्ये हॉल ऑफ फेम.

संधी नशिबाने आली, खरंय. पण ती आली तेव्हा त्याचा हात तयार होता. तो तयार झाला कुठे? ज्या छोट्या मैदानाकडे कोणी बघतही नव्हतं, तिथे.