कडेवरचा अर्ज

नाण्याची ओळख त्याच्या दर्शनी बाजूवरून पटते, असें आपण समजतों. १६६३ सालच्या एका इंग्रजी नमुना-नाण्यानें ही समजूत खोटी ठरविली आहे. टॉमस सायमन हा क्रॉमवेलच्या नाण्यांचे ठसे कोरणारा थोर कारागीर. पण राज्य पालटलें, आणि दुसऱ्या चार्लस राजानें अँटवर्पच्या रोटिए बंधूंना जवळ केलें. तेव्हां सायमननें चांदीचा एक क्राउन घडवून राजाकडे अर्ज केला. तोहि कागदावर नव्हे, नाण्याच्या कडेवर! तेवढ्याशा जाडींत दोन ओळी बसवून त्यानें विनविलें कीं, हें काम त्या 'डच' कामाशीं ताडून पाहावें, व अधिक रेखीव ठरल्यास आपला परामर्ष घ्यावा. (अँटवर्पचे लोक खरें पाहतां फ्लेमिश, पण दुखावलेल्या माणसाला भूगोलाचें काय?) अर्ज फळला नाहीं, क्राउनचें काम रोटिएंकडेच राहिलें. १६६५ त सायमन वारला.

याच ठशांच्या दुसऱ्या कांहीं नाण्यांच्या कडेवर मात्र 'सीझरचें तें सीझरला द्या' या अर्थाचें लॅटिन वचन आहे. दर्शनी बाजू दोहोंच्या सारख्याच. म्हणून यादी करणारानें कड वाचली नाहीं, तर अर्जदार व आज्ञाधारक एकाच नोंदींत कोंबले जातात. समोरून घेतलेल्या छायाचित्रांत कड दिसत नाहीं. नाणें हातांत घेऊन फिरवावेंच लागतें.