पिल्ले, मिश्र मत्स्यालयातील

वेगवेगळ्या जातींचे मासे एकत्र ठेवलेल्या शोभेच्या टाकीत, पैदाशीचा बेत नसताना जन्मलेली माशांची पिल्ले. घरगुती टाकीत ती बहुतेक वेळा गप्पी, मॉली, प्लॅटी किंवा स्वोर्डटेल यांची असतात. हे चारही मासे पीसिलिइडी कुलातले असून ते अंडी घालत नाहीत, थेट पोहती पिल्ले देतात. सकाळी दिवा लावल्यावर काचेलगत डोळेच डोळे दिसतात तेव्हा पाळणारा चकित होतो खरा. पण नर-मादी एका पाण्यात असताना पिल्ले झाली नाहीत, तर ते अधिक नवलाचे.

गप्पी (पीसिलिया रेटिक्युलाटा) या माशाचे शास्त्रीय वर्णन विल्हेल्म पीटर्स यांनी १८५९ मध्ये व्हेनेझुएलातील नमुन्यांवरून केले. पुढे त्रिनिदादमधील निसर्ग-अभ्यासक रॉबर्ट जॉन लेचमेअर गप्पी यांनी लंडनला मासे धाडले आणि आल्बर्ट गुंथर यांनी १८६६ मध्ये जातीला त्यांचे नाव दिले. ते शास्त्रीय नाव टिकले नाही, बाजारातले टिकले. दुकानातून आणलेली प्रौढ मादी बहुधा गाभणच असते, कारण तिथे नर-मादी एकाच टाकीत असतात. शिवाय मादी नराचे शुक्राणू कित्येक महिने शरीरात साठवून ठेवते. त्यामुळे घरच्या टाकीत एकही नर नसताना तिला साधारण महिन्या-महिन्याने पुन्हापुन्हा पिल्ले होऊ शकतात. गर्भकाळ तीन ते चार आठवड्यांचा. पाणी जितके उबदार तितका तो कमी. दिवस भरत आले की पोट खाली चौकोनी दिसू लागते आणि गुदद्वाराजवळचा डाग गडद होतो. तरुण मादीला दहा-बारा, थोराड मादीला पन्नास किंवा त्याहूनही जास्त पिल्ले होतात.

जन्मतः पिल्लू सात-आठ मिलिमीटरचे असते आणि लगेच पोहते. पोहावेच लागते, कारण एंजल, बार्ब, गुरामी, मोठे टेट्रा यांच्या तोंडात ते सहज मावते आणि खुद्द आईही त्याला खाद्यच समजते. मूळ ओढ्यांतही हीच गत असते. त्रिनिदादमध्ये धबधब्यांच्या खाली मोठे शिकारी मासे असतात, वर जवळजवळ नसतात. जॉन एंडलर यांनी १९७६ मध्ये खालचे गप्पी मोठे शिकारी नसलेल्या वरच्या प्रवाहात सोडले. अकरा वर्षांनंतरच्या पाहणीत डेव्हिड रेझनिक, एंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्याला आढळले, की स्थलांतरित गप्पींचे वंशज उशिरा वयात येत होते आणि त्यांना कमी, पण मोठी पिल्ले होत होती. मोठ्या संख्येने पिल्ले देणे हा शिकाऱ्यांच्या पाण्यातला उपाय आहे. म्हणून मिश्र टाकीत पन्नासातली चार-दोन वाचली, तर त्यात पाळणाऱ्याचा हलगर्जीपणा नसतो. सगळी वाचवायची ठरवली, तर मात्र पुढचा प्रश्न जागेचा येतो, आणि तो अधिक अवघड.

पिल्लांसाठी दुकानात टाकीत टांगायची पारदर्शक पेटी मिळते. मादीला तीत ठेवले की पिल्ले फटीतून खालच्या कप्प्यात पडतात. सोय चांगली, पण अरुंद जागेत मादी घाबरते आणि कधी दिवस भरण्याआधीच पिल्ले टाकते. तशा पिल्लांच्या पोटाला पिवळ्या बलकाची पिशवी दिसते. पेटी मादीसाठी न वापरता जन्मलेल्या पिल्लांसाठी वापरावी, हे बरे. त्याहून चांगली दाट वनस्पतींची आडोशाची जागा: जावा मॉसचा गुंता, हायड्रिला किंवा हॉर्नवर्टचे तरंगते जुडगे. त्यात पिल्ले लपतात आणि पानांवरचे सूक्ष्म जीवही टिपतात. फिल्टरच्या तोंडाला मात्र लगेच स्पंज लावावा. पिल्ले गायब होण्याचा दोष दरवेळी एंजलचाच नसतो.

खाद्याच्या बाबतीत आर्टेमिया या खाऱ्या पाण्यातल्या इवल्या कवचधारी जीवाच्या जिवंत अळ्यांना तोड नाही. एक लिटर पाण्यात पंचवीस-तीस ग्रॅम खडे मीठ विरघळवून, आर्टेमियाची वाळलेली अंडी घालून, हवेचा पंप जोमात चालू ठेवला आणि तापमान २५ ते २८ अंश राखले, की चोवीस ते छत्तीस तासांत नारिंगी अळ्या बाहेर येतात. पंप बंद करून एका बाजूने उजेड दाखवावा. अळ्या तिकडे गोळा होतात, रिकामी टरफले वर तरंगतात. मीठ धुऊन त्या लगेच द्याव्यात, कारण तासागणिक त्यांच्या अंगातला बलक, म्हणजेच पोषण, घटत जाते. एवढी खटपट नको असेल, तर नेहमीचे कोरडे खाद्य बोटांनी पीठ होईपर्यंत चुरडून दिवसातून तीन-चार वेळा चिमूटभर टाकले तरी गप्पी वाढतात. उकडलेल्या अंड्याचा बलक देण्याचा घरगुती उपाय मात्र टाळलेला बरा. तो पाणी फार झपाट्याने नासवतो.

पाणी नासण्याची किंमत टाकीतले सगळेच मासे मोजतात. उरलेल्या खाद्यातून आणि विष्ठेतून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, पण अचानक वाढलेला भार त्यांना झेपत नाही. दख्खनच्या पठारावर बोअरचे जड, अल्कधर्मी पाणी गप्पी-मॉलींना मानवते, पण त्याच पाण्यात अमोनिया अधिक विषारी ठरतो. रोज थोडे, दहा टक्क्यांच्या आसपास, पाणी बदलणे हा साधा उपाय. नळाच्या पाण्यातील क्लोरीन सोडियम थायोसल्फेटने घालवता येते.

अंडी घालणारे मासेही मिश्र टाकीत गुपचूप प्रजनन करतात. किंचित गार पाणी भरल्यावर कोरिडोरस पाऊस आल्यासारखे समजून काचेवर चिकट अंडी लावतात. ती बोटाने अलगद सोडवून वेगळ्या भांड्यात हलवता येतात आणि तीन ते पाच दिवसांत फुटतात. या पिल्लांचे तोंड गप्पीच्या पिल्लांपेक्षा लहान असल्याने सुरुवातीला गवत भिजवून वाढवलेले पॅरामिशियमसारखे सूक्ष्म जीव उपयोगी पडतात. सिक्लिड कुलातले मासे याच्या अगदी उलट. जोडी पिल्लांची राखण इतक्या कडवेपणाने करते, की संरक्षणाची गरज इतर रहिवाशांना लागते.

गप्पीच्या नराचा बदललेला गुदपर महिनाभरात ओळखता येतो. तेव्हाच नर-मादी वेगळे केले नाहीत, तर दोन-तीन महिन्यांत पिल्लांनाच पिल्ले होतात. दीड-दोन सेंटिमीटरचे पिल्लू सहवासी माशांच्या तोंडापेक्षा मोठे झाले, की मूळ टाकीत परतू शकते. जास्तीची पिल्ले ओळखीच्यांना किंवा दुकानदाराला द्यावीत. महाराष्ट्रात हिवताप आणि डेंग्यूच्या डासांच्या अळ्या खाण्यासाठी आरोग्य विभाग गप्पी पैदास केंद्रे चालवतो आणि हे मासे बंदिस्त टाक्या, विहिरी, हौद यांत सोडतो. पण म्हणून घरचे गप्पी ओढ्यात सोडणे हे पुण्याचे काम ठरत नाही. एकट्या गाभण मादीपासूनही नवी वसाहत उभी राहते, हे २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसून आले. शिवाय सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरच्या पाण्यात ॲप्लोकायलस लिनिएटस हा डासांच्या अळ्या खाणारा स्थानिक मासा आधीपासून आहे.